घसरगुंडीखाली काय आहे

माझी मुलगी माझ्याच टेबलावर आली, तेव्हा मी एका रिक्षावाल्याच्या घोट्याला प्लास्टर घालत होते. हात कोपरापर्यंत पांढरे झालेले. मिरारोडच्या एका हाडांच्या दवाखान्यात मी प्लास्टर रूम सांभाळते. डॉक्टर हाड बसवतात, मी ते बसलेलं राहील असं बांधते. दार कुणीतरी पायाने ढकललं आणि सासूबाई आत आल्या. त्यांच्या कडेवर माझी मुलगी होती. सात वर्षांचं मूल कडेवर घेऊन साठी ओलांडलेली बाई दोन मजले चढून आली होती, लिफ्टची वाट न बघता. मुलगी रडत नव्हती. मला त्याचीच भीती वाटली.

तिचा उजवा हात कोपराच्या वर नको तिथे वळला होता. असे हात मी खूप पाहिलेत. मूल पडताना हात टेकवतं, कोपर ताठ राहतं आणि त्याच्या वरचं हाड मोडतं. अशा वेळी सगळ्यात आधी मनगटाची नाडी बघायची असते, कारण मोडलेलं टोक रक्तवाहिनी दाबतं. मी ओल्या बोटांनी तिचं मनगट धरलं. नाडी लागेना. हात थंडगार.

"बोटं हलव बघू," मी म्हटलं.

"हलवतेय ना मम्मी," ती म्हणाली.

बोटं हलत नव्हती.

मी डॉक्टरांना हाक मारली आणि मग सासूबाईंकडे वळून म्हणाले, "तुमचं लक्ष कुठे होतं?"

त्या पदराचं टोक मुठीत घट्ट धरून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. अर्धवट प्लास्टरातला रिक्षावालाच म्हणाला, "मॅडम, मेरा छोड़ो. पहले बच्ची को देखो."

तासाभरात ऑपरेशन झालं. हाडात दोन तारा घातल्या. हाड जागेवर बसताच नाडी परत आली, असं डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं आणि मी पॅसेजमधल्या खुर्चीवर मटकन बसले. ते हात पुसत पुढे म्हणाले, "गार्डन ना? गार्डनच असणार. सुट्टी लागली की हेच सुरू होतं."

पाणी साचलं की डास होतात, तशा सुरात ते बोलले. त्यांना मी दोष कसा देऊ? तोच सूर माझाही होता. बारा वर्षं मी तिथे काम करतेय. लहान मूल आलं की केसपेपरवर लिहायचं, 'बागेत खेळताना पडला', आणि कामाला लागायचं. गाडीने उडवलं असेल तर कुठली गाडी, हे आम्ही विचारतो. कुत्रा चावला तर कुत्रा कुणाचा, हे विचारतो. मूल पडलं तर फक्त मूल पडलं. कुठल्या बागेत, कशावरून, खाली काय होतं, हे मी बारा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. उलट प्लास्टर गुंडाळता गुंडाळता मुलांनाच म्हणायचे, "काय रे माकडा, अजून चढशील?" मुलं ओशाळून हसायची. ते हसणं त्या दिवशी मला आठवलं आणि स्वतःचीच शिसारी आली.

आमची सोसायटी पूनम सागर कॉम्प्लेक्सच्या मागच्या अंगाला आहे. दोन विंगांच्या मध्ये एक चौकोनी बाग. आधी तिथे माती होती, दोन झोपाळे होते आणि एक कुरकुरणारा सी-सॉ. गेल्या दिवाळीच्या आधी बागेचं नूतनीकरण झालं. उंच नवी घसरगुंडी आली, लाल-पिवळा रंग आला आणि सगळीकडे हिरवंगार प्लास्टिकचं गवत अंथरलं गेलं. उद्घाटनाला मी टाळ्या वाजवल्या होत्या. समोसा खाल्ला होता. घसरगुंडीच्या टोकावर उभ्या माझ्या मुलीचा फोटो काढून तो कितीतरी दिवस फोनवर ठेवला होता. मुलांचे मोजे पांढरेच राहतात म्हणून आम्ही बायका खूश होतो. चिखल नाही, धूळ नाही. मी स्वतः त्या गवतावर अनवाणी चालून बघितलं होतं आणि म्हटलं होतं, "किती मऊ आहे ना?"

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी मुलगी घरी आली. दुपारी तिला झोप लागल्यावर मी कपाटातली मोजायची टेप घेतली, दवाखान्याची प्लास्टर कापायची जाड कात्री पर्समध्येच होती, आणि खाली उतरले. बागेत चिटपाखरू नव्हतं. का नव्हतं ते पत्र्यावर हात ठेवल्याबरोबर कळलं. घसरगुंडीचा उतार स्टीलच्या पत्र्याचा, तोंड पश्चिमेला. तळवा टेकवता येत नव्हता. म्हणजे ऊन कलेपर्यंत मुलं तिच्याकडे फिरकणारच नाहीत, आणि सहाच्या सुमाराला दोन विंगांमधली सगळी एकदम तुटून पडणार. वर उभं राहायची जागा टेबलाएवढी. टेप लावून पाहिली, ती माझ्या डोक्याच्याही वर होती. तीन बाजूंना कठडा होता, पण शिडी जिथे संपते तिथे एका बाजूला तो वीतभर आधीच थांबला होता. तिथून मूल आरामात मागे जाऊ शकतं. माझी मुलगी तिथूनच गेली होती. मागून दोघं एकदम चढली, ती सरकली, आणि तिच्या पाठीमागे काहीच नव्हतं.

मग मी खाली वाकले. गवतावर टाच आपटली. टाचेतून कळ थेट गुडघ्यापर्यंत गेली. अनवाणी हळूहळू चालताना मऊ वाटणारी गोष्ट आणि डोक्याएवढ्या उंचीवरून येणारं मूल, यांचा काही संबंध असतो का, असं मी कधी मनाशी विचारलं होतं? कात्रीने कडेचा टाका उसवला आणि गवत वर उचललं. नखाएवढ्या जाडीचा पट्टा. त्याच्याखाली पेव्हर ब्लॉक. पार्किंगमध्ये गाड्या उभ्या करायला घालतात ना, तेच, एकात एक अडकवलेले, सिमेंटचे. सात महिने आमची पोरं दगडावर खेळत होती आणि आम्ही दगडावर हिरवं पांघरूण घालून टाळ्या वाजवल्या होत्या.

मला रडू आलं नाही. डोकं तापलं, ते अजून थंड झालेलं नाही.

त्याच संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी घरी आले. गुजराती गृहस्थ, वाईट माणूस नाही. कुणाचं काही झालं तर पहिला हजर. सफरचंदं आणि डाळिंबं घेऊन आले, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, "बेन, टेन्शन मत लो. बच्चे हैं, गिरेंगे ही. हम लोग नहीं गिरे क्या?"

"भाई," मी म्हटलं, "घास के नीचे क्या है?"

"घास के नीचे?" ते गोंधळले. "नीचे तो... बेस है."

"बेस मतलब?"

"मतलब पेव्हर. लेवल के लिए. नहीं तो कीचड़ होता है बेन, बच्चे गंदे पैर लेके लिफ्ट में आते हैं, कितनी कंप्लेंट थी. आपने भी तो साइन किया था."

मी सही केली होती. लिफ्टमध्ये चिखल होतो या अर्जावर माझी सही होती. मी त्यांना फळं परत दिली. असं करू नये, पण दिली. ते पिशवी हातात घेऊन दारात उभे राहिले आणि सासूबाई आतल्या खोलीत गेल्या. मुलगी पडली त्या दिवसापासून सासूबाई बागेत उतरल्याच नव्हत्या. रोज संध्याकाळी नातीला घेऊन खाली जाणं हा त्यांचा एकच विरंगुळा होता. आता त्या सहा वाजले की खिडकी लावून घ्यायच्या. जेवणही कमी झालं होतं. 'लक्ष कुठे होतं' हे मी एकदाच म्हटलं होतं, पण नवरा, नणंद, शेजारीण, भेटायला येणारा प्रत्येक जण तेच वेगवेगळ्या शब्दांत विचारून जायचा. आणि मी ते ऐकून गप्प बसायचे.

दवाखान्यात मात्र मी विचारायला लागले. मूल आलं की, "कुठे पडलं? किती उंचावरून? खाली काय होतं?" नया नगरहून आलेल्या एका आईला वाटलं मी तिला दोष देतेय. ती रडायलाच लागली. "मैं वहीं खड़ी थी, दीदी, कसम से." मी तिला पाणी दिलं. खाली काय होतं, तर फरशी. दुसऱ्या मुलाच्या खाली सिमेंटचा कोबा. तिसऱ्याच्या खाली रबराच्या लाद्या, पण चपलेच्या तळव्याएवढ्या पातळ, आणि त्याखाली पुन्हा कोबाच. डॉक्टरांच्या कानावर गेलं. त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. "तू काय चौकशी आयोग आहेस का? पेशंट घाबरतात. तुझं काम प्लास्टर."

"सर, आपण हात बसवून त्यांना परत त्याच दगडावर पाठवतो," मी म्हटलं.

"मग मी काय करू? बागा बांधू?" ते म्हणाले. मग त्यांनी पेन टेबलावर टाकलं. "लिही. केसपेपरवर लिही, विचार मात्र नीट." एवढंच. पण तेवढं त्यांनी केलं.

आमच्या वॉचमनकडून कळलं की घसरगुंडी राई गावातल्या एका फॅब्रिकेशनवाल्याने बसवली होती. सुट्टीच्या दिवशी मी राईला गेले. गावाच्या टोकाला, नवीन इमारतींच्या पाठीमागे पत्र्याची शेड होती. साठीपुढचा माणूस नुसत्या बनियनमध्ये ग्राइंडर चालवत होता. त्यांच्या घरची पूर्वी मिठागरं होती, आता तिथे टॉवर उभे आहेत आणि त्या टॉवरांना ते ग्रिल बनवून देतात, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. मी भांडायच्या तयारीने गेले होते.

"पूनम सागरच्या मागची घसरगुंडी तुम्हीच केलीत ना?"

"मीच केली हाय. का, गंजली?"

"माझी मुलगी पडली त्यावरून. हात मोडला."

त्यांनी ग्राइंडर बंद केला. चष्मा कपाळावर सरकवला. "कशावर पडली, बाय?"

इतक्या दिवसांत मला हा प्रश्न विचारणारे ते पहिले होते. मी म्हटलं, "पेव्हरवर."

त्यांनी ग्राइंडर बाजूला ठेवला. "मी बोललेलो त्यांना. खाली माती मोकळी ठेवा, वाळू टाका. ते बोलले, चिखल न्हाय पायजे. मी चार फुटाची बोललो, तर बोलले, न्हाय, मोठी पायजे, उद्घाटनाला दिसली पायजे."

"आणि तुम्ही करून दिलीत."

"करून दिली." त्यांनी मान वर केली. "तुला खोटा कशाला सांगू? मना म्हाईत व्हतं. कठडा कमी पडला, ते पण म्हाईत व्हतं. दिवाळीच्या आधी बसवायची घाई व्हती."

मी त्यांच्यावर ओरडले. शेडमध्ये, त्यांच्या कामगारांसमोर. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण 'तुमच्या नातवंडांसाठी अशीच बनवली असती का' हे नक्की म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मिटिंग लाव. मी येतो. माझ्या तोंडाने सांगतो."

मीटिंग लागायलाच तीन आठवडे गेले. तोवर मुलीच्या हातातल्या तारा निघाल्या होत्या, बोटं हळूहळू हलू लागली होती आणि संध्याकाळच्या गर्दीत त्याच घसरगुंडीवर दुसरी मुलं चढत होती. मी वरून बघायचे. दोन वेळा खाली जाऊन मी मुलांना हाकललं. आयांनी माझ्याशी बोलणं टाकलं. कुणीतरी म्हणालंही, "हिच्या पोरीचा हात मोडला म्हणून आमच्या पोरांनी खेळायचं नाही का?"

रविवारी सकाळी बागेतच खुर्च्या मांडल्या. राईचे ते घसरगुंडीवाले काका पांढरा शर्ट घालून आले होते. मी एक नारळ नेला होता. घसरगुंडीवरून खाली सोडायचा, तो फुटेल, लोकांना कळेल, असा माझा बेत. मी शिडी चढले, सगळ्यांसमोर नारळ सोडला. तो गवतावर धप्पकन पडला, उडाला आणि गडगडत खुर्च्यांखाली गेला. फुटला नाही. आधी एक जण हसला, मग सगळेच हसले. सेक्रेटरी म्हणाले, "देखा बेन? कुछ नहीं हुआ."

मी वरच उभी होते. खाली बसलेले एक निवृत्त काका म्हणाले, "अहो, आम्ही आंब्याच्या झाडावरून पडायचो. काही झालं नाही. आजकालच्या आयांना उगाच कौतुक."

"तुम्ही मातीत पडलात, काका," मी वरूनच ओरडले. "आणि तुमच्या गावात ज्याचा हात वाकडा राहिला, त्याला लोक कुठल्या नावाने हाक मारायचे? तो आज इथे खुर्चीवर बसलाय का सांगायला, काही झालं नाही म्हणून?"

पण हसणं पूर्ण थांबलं नव्हतं. मी खाली उतरले. तेवढ्यात मागच्या रांगेतून सासूबाई उठल्या. त्या आल्या आहेत हेच मला माहीत नव्हतं. सभेत कधी तोंड न उघडणारी बाई. त्या घसरगुंडीपाशी चालत गेल्या आणि खांबापासून दोन हातांवर उभ्या राहिल्या.

"मी इथे होते," त्या म्हणाल्या. "बाकड्यावर नव्हते. इथे. फोन नव्हता माझ्या हातात. मी तिच्याकडेच बघत होते. ती मागे सरकली तेव्हा मी 'अगं' म्हटलं, आणि 'अगं' म्हणेपर्यंत ती खाली होती. आवाज आला. तो आवाज मला रोज येतो. सगळे मला विचारतात, लक्ष कुठे होतं. लक्ष इथे होतं. लक्ष ठेवून दगड मऊ होतो का?"

कुणी हसलं नाही. मला मान वर करवेना, कारण 'सगळे'मध्ये पहिली मी होते.

मग बी विंगमधल्या एक बाई हळूच म्हणाल्या की त्यांच्या मुलाचा पुढचा दात इथेच तुटला, त्यांनी त्यालाच मारलं होतं. एकीच्या मुलीच्या हनुवटीला टाके पडले होते, झोपाळ्याची लोखंडी पाटी लागून. एकाच्या मुलाला पत्र्याने मांडीला फोड आले होते. प्रत्येकाला वाटत होतं की आपलंच मूल द्वाड, आपलंच लक्ष कमी. सात महिने प्रत्येक घराने आपापलं मूल रागावून गोष्ट दारातल्या दारात मिटवली होती. जिन्यात रोज एकमेकींना भेटायचो आम्ही. लिफ्टमधल्या चिखलाबद्दल एकत्र सह्या केल्या, पण याबद्दल एक अक्षर नाही.

राईच्या काकांनी उठून सगळं सांगितलं, स्वतःची चूकही. "उंची मी कमी करून देतो. पण खालचं तुम्ही काढा. ते न्हाय काढलं तर मी हात लावनार न्हाय."

सेक्रेटरींचा चेहरा उतरला होता. ते एवढंच म्हणाले, "मुझे लगा घास सॉफ्ट है." मला त्यांचा राग येत होता आणि येतही नव्हता. मलाही तेच वाटलं होतं.

काम दोन आठवडे चाललं. गवत सोलून काढलं, पेव्हर उपटून कंपाउंडच्या भिंतीलगत रचले. काकांनी घसरगुंडीचे पाय कापून ती चार फुटांवर आणली, तिचं तोंड फिरवून उत्तरेला केलं, जिथे दुपारनंतर इमारतीची सावली पडते. कठडा शिडीपर्यंत नेला. गज किती जवळ बसवायचे हे ठरवायला त्यांनी सोसायटीतल्या सगळ्यात लहान चालत्या मुलाचं डोकं सुतळीने मोजलं. "आंग जाईल आन् डोकं अडकंल अशी फट ठेवायची न्हाय," म्हणाले. झोपाळ्याच्या लोखंडी पाट्या काढून रबरी पट्ट्यांची बैठक लावली. बोल्टांची टोकं झाकली.

खाली खड्डा खणला, तळाला खडी, त्यावर कापड, पाणी जायला पाइप, आणि वर वाळू. वाळूचा पहिला ट्रक आला तेव्हा काकांनी मूठभर उचलून ओली केली, दाबली. लाडू झाला तो सुटेना. "ही दगड फोडून केलेली हाय. पाऊस पडला का हिची लादी व्हते. परत पाठवा." ट्रकवाला भांडला, सेक्रेटरी भांडले, ट्रक परत गेला. दुसरी आली ती धुतलेली, गोल दाण्याची, मुठीतून निसटणारी. गुडघ्याच्या जरा खाली येईल इतकी भरली. मांजरं घाण करतात म्हणून रोज मुलं घरी गेल्यावर वर जाळी ओढायचं ठरलं. लिफ्टमध्ये आता रोज वाळू असते. कुणी अर्ज केलेला नाही.

सासूबाईंची मी माफी मागितली का? मागितली, पण नीट जमलं नाही. भाजी चिरताना म्हटलं, "तेव्हा मी बोलले ते..." त्या म्हणाल्या, "असू दे. गवार संपव आधी." त्या पुन्हा खाली जाऊ लागल्या आहेत. बाकड्यावर बसत नाहीत मात्र.

लोकांना वाटतं, झालं ना सगळं, आता राग कशाला. मागच्या महिन्यात स्टेशनच्या बाजूला एका नव्या टॉवरची जाहिरात बघितली, 'मुलांचं स्वप्नवत उद्यान'. गेले. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या डोक्यावरच्या काँक्रीटच्या स्लॅबवर, दोन मजली घसरगुंडी, आणि खाली तेच हिरवंगार गवत. ब्लेझर घातलेल्या मुलीने विचारलं, "मॅडम, वन बीएचके की टू?" मी विचारलं, "याच्या खाली काय आहे?" तिने मॅनेजरला बोलावलं. तो म्हणाला, "मॅडम, घसरगुंडी इम्पोर्टेड आहे."

"वरची इम्पोर्टेड असू दे. खाली काय आहे?"

त्याला माहीत नव्हतं. त्याने चक्क बुटाचं टोक गवतावर दाबून बघितलं. मग म्हणाला की मी सांगतो विचारून, नंबर द्या. नंबर दिला. फोन आलेला नाही. ज्याने ते विकायला ठेवलंय त्यालाच ते माहीत नाही, आणि घरं घेणारी जोडपी तिथे आपल्या मुलांचे फोटो काढत होती. मी त्यातल्या दोघांना थांबवून सांगितलं. एकाने ऐकलं. दुसऱ्याने बायकोला बाजूला घेतलं, वेड्या बाईपासून घ्यावं तसं. मी पुन्हा जाणार आहे.

मुलीच्या हाताचा व्यायाम अजून चालू आहे. रोज संध्याकाळी तिचं कोपर माझ्या तळव्यावर ठेवून मी हळूहळू सरळ करते. शेवटचं थोडं अंतर काही केल्या जात नाही. डॉक्टर म्हणतात, कदाचित एवढंच राहील, कामाला अडणार नाही. बरोबर आहे, लिहिता येतं, डबा उघडता येतो, वेणीही घालता येते.

परवा शाळेत कवायत होती. हात समोर ताठ करायचे होते. सरांनी रांगेतून येऊन म्हटलं, "हात सरळ." ती म्हणाली, "सर, माझा एवढाच होतो." सर सॉरी म्हणाले, पुढे गेले. तिने मला हे जेवताना सांगितलं, त्यांचा चेहरा कसा झाला त्याची नक्कल करून, हसत हसत. सासूबाईही हसल्या.

मला हसता आलं नाही. मी तिच्या ताटात भात वाढला.